ग्रासकटर बॅटरीचा घ्यावा की पेट्रोलचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात घराभोवती साधारण 8 गुंठे परडं आहे. जमीन उंचसखल, मधेच जांभ्याचे दगड, नारळ-पोफळीची आळी. त्यामुळे चाकांचा लॉनमोअर बादच. खांद्याला अडकवायचा ग्रासकटर हवा आहे. जुलै ते ऑक्टोबर दर तीन आठवड्यांनी कापणी, एरवी काम नाही.

गेल्या वर्षी शेजाऱ्यांचा टू-स्ट्रोक पेट्रोल कटर वापरला. गवत सपासप कापलं जातं, त्यात वाद नाही. पण ऑइल मोजून मिसळा, दोरी ओढा (वडिलांना आता ते जमत नाही), आणि टाकीत पेट्रोल तसंच राहिलं की पुढच्या जूनला मशीन ढिम्म. कार्बोरेटर साफ करून घ्यावा लागला. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल मिसळायचं टळतं, पण पेट्रोल साठून राहण्याचा प्रश्न तोच ना?

दुकानात 20 व्होल्टचा बॅटरीवाला हातात धरून पाहिला. हलका आहे. पण 4 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे जेमतेम 80 वॉट-तास. किती वेळ चालेल विचारलं, तर दुकानदार म्हणतो ‘आरामात’!

बजेट 15 हजार, जोड-बॅटरी धरून. पावसात लाइट कधीही जाते. माणूस लावायचा पर्याय सुचवू नका, ऐन हंगामात मिळत नाही.

कोकणातल्या ओल्या, गुडघाभर गवतात कुणी बॅटरीचा कटर वापरलाय का? एका चार्जमध्ये प्रत्यक्षात किती गुंठे होतात, आणि नायलॉन दोरीने भागतं की पातंच लावावं लागतं?