अनुभव धागा: रायटर, जादा वेळ आणि परीक्षेची वेगळी खोली

चिंचबोर
काल रात्री साडेदहाला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. एस.वाय.बी.ए.च्या अंध मुलीला परवा सकाळच्या पेपरला रायटर (ती तोंडी सांगेल ते उत्तर लिहिणारी) हवाय, ठरलेली ऐनवेळी नाही म्हणाली, कुणी आहे का. खाली सतरा जणांचे जोडलेले हात. नाव एकाचंही नाही.

मला एकदम १९९८ आठवलं. मी एफ.वाय.बी.कॉम.ला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. शेजारच्या वाड्यात एक दादा होता, टी.वाय.ला, राज्यशास्त्र घेतलेलं, पूर्ण अंध. त्याचा रायटर गावी गेला आणि वहिनी माझ्याकडे आल्या. मला राज्यशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, तेच बरं, तुझ्याकडून मदत होण्याची भीती नाही.

आम्हाला बसवलं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये. उंच स्टूल, समोर बेसिन, नळ गळतोय. तो सांगायचा, "नवीन ओळ. रूसो, रू दीर्घ. खाली रेघ मार." मी रेघ मारली की नाही हे तो पट्टीच्या आवाजावरून ओळखायचा. दुसऱ्या प्रश्नाला मध्येच गप्प झाला. बोटं टेबलावर वाजवत बसला. मी घाबरले. मग म्हणाला, "थांब, तिसऱ्या शिट्टीनंतर सार्वभौमत्व येतं." नंतर कळलं, वहिनी स्वयंपाक करता करता पुस्तक वाचून कॅसेट भरायच्या. कुकरची शिट्टी, बोहारणीची हाक, सगळं त्यात. त्याला अख्खा धडा त्या आवाजांच्या खुणांवर पाठ होता.

जादा अर्धा तास मिळवायला तो दर पेपरला ऑफिसात हात जोडायचा. संस्थेने अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवावा असं १९९५च्या कायद्यात चक्क कलम होतं, हे मला वीसेक वर्षांनी समजलं. तेव्हा सगळा उपकाराचाच कारभार.

लिहा तुमचे अनुभव. विद्यार्थी, रायटर, आईबाबा, मास्तर, सगळ्यांनी.

मिठाची_मिरची
तिसरी शिट्टी!!! कुकरमध्ये काय होतं तेही सांगा आता

चिंचबोर
तूरडाळ. त्याने नंतर सांगितलं, बटाट्यांच्या दिवशीचे धडे कच्चे राहायचे, दोनच शिट्ट्या :)

बोलता_कीबोर्ड
मी स्वतः अंध. बोलून टाइप करतोय, चुका फोनच्या नावावर टाका. एम.ए. मराठी केलं. रायटर मिळाला तो इंग्रजी माध्यमाचा. मी ओवी सांगतोय आणि तो विचारतोय, वो का ओ? ज्ञ कसा काढायचा हे मी त्याला टेबलावर बोटाने काढून दाखवलं. मी, ज्याने ज्ञ कधी पाहिला नाही. लहानपणी लाकडी अक्षरं चाचपली होती ती कामी आली.
ब्रेलमध्ये मी झरझर लिहितो हो, पण तपासणार कोण? पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं, हे समजावतानाच एका सरांना चक्कर आली होती.
दुसरं दुखणं नोट्सचं. सर पीडीएफ पाठवतात ती फोटो काढलेली. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणतो, रिकामं पान. नाहीतर जुन्या फॉन्टातली फाइल, युनिकोड नाही. तुम्हाला दिसायला सुंदर मराठी, माझ्या कानात नुसती खडखड, इंग्रजी अक्षरं आणि कंस. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठी वाचतो, पण वाचायला अक्षर तर पाहिजे. अर्धवस्त्राचे सर तेवढे युनिकोडमध्ये द्यायचे.

बोलता_कीबोर्ड
अर्थशास्त्राचे. अर्थशास्त्राचे सर. देवा.

मिठाची_मिरची
हसून हसून पुरेवाट. राहू दे तसंच

निवृत्त_मास्तर
कबुली देतो. वर्ष सांगत नाही. रायटरच्या खोलीवर सुपरव्हिजन होतं. सगळं कॉलेज एक वाजता सुटलं, मी मात्र दोनपर्यंत अडकलेला. पावणेदोनला मी म्हणालो, झालं असेल तर द्या. मुलगी म्हणाली, सर, पंधरा मिनिटं आहेत. मी म्हणालो, कशाला ताणताय, पासपुरतं झालंय ना. तिने पेपर दिला. मला एस.टी. गाठायची होती.
पुढे केंद्र सरकारच्या सूचना वाचनात आल्या, तासाला किमान २० मिनिटं जादा. म्हणजे ३ तासांना १ तास, तो तिच्या हक्काचा. तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहून घ्यायला किती वेळ जातो हे मी घरी बायकोला एक परिच्छेद सांगून पाहिलं. अर्ध्यावर भांडण झालं.

चिंचबोर
मास्तर, लिहिलंत हे बरं केलंत.

दोन_पोळ्या_जास्त
डबे भरतेय, तुटक लिहीन. मुलाला डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यातच अडचण. तोंडी विचारा, घडाघडा सांगेल. लिहायला बसला की बोटं आवळतात, तिसऱ्या ओळीला अक्षर डोंगरावर चढतं. दहावी बारावी बोर्डाच्या सवलतीत सुरळीत. कॉलेजात गेल्यावर परत श्रीगणेशा. क्लार्क म्हणाले, दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व कुठे आहे? नाही तर नाही. वर म्हणाले, ताई, हल्ली सगळ्यांचंच अक्षर खराब असतं.
मग कुणीतरी सुप्रीम कोर्टाचा विकास कुमार निकाल सांगितला. ११ फेब्रुवारी २०२१. विकास कुमार स्वतः डॉक्टर, रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडतो), यूपीएससीने रायटर नाकारलेला. कोर्ट म्हणालं, रायटर देताना ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. प्रिंट काढली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, भाजीच्या पिशवीतच असायची. ऑगस्ट २०२२ला ४० टक्क्यांखालच्यांसाठी केंद्राच्या सूचना आल्या त्याही त्यात घातल्या. तिसऱ्या फेरीला क्लार्कनी फोल्डर बघूनच खुर्ची दिली.
कुकर झाला, येते

घोंगडी
विषय चांगला आहे पण गैरफायदा घेणारेही आहेत. हुशार रायटर आणून मार्क मिळवतात.

बोलता_कीबोर्ड
घोंगडी, म्हणूनच २०१८च्या नियमात स्वतः आणलेला रायटर शिक्षणात एक पायरी खालचा असावा असं घातलं. शिवाय समोर सुपरवायझर कान देऊन बसतो. आणि हुशार रायटर सापडला तर मलाही पत्ता द्या, मला जन्मात एकच भेटला, तोही झोपायचा.

घोंगडी
झोपायचा म्हणजे??

बोलता_कीबोर्ड
म्हणजे मी सांगत होतो आणि पेन थांबलं होतं. मला पेनाचा आवाज येतो.

पायरी_मोजणारा
पोलिओ, दोन्ही पायांना कॅलिपर. रायटर वगैरे नको होता, तळमजला हवा होता एवढंच. एफ.वाय.ला नंबर आला दुसऱ्या मजल्यावर. ४४ पायऱ्या, मी मोजल्यात. वर पोचेस्तोवर पेपर वाटून झालेला, हाताला कठड्याचा गंज, पहिलं पान मळलेलं. अर्ज दिला तर उत्तर काय, बैठकव्यवस्था क्रमांकानुसार असते.
दुसऱ्या पेपरला शिपाईमामांनी कुणाला न विचारता बाक खाली आणून ठेवला, जिन्याखाली, पाण्याच्या टाकीशेजारी. सीनियर सुपरवायझर ओरडले. मामा म्हणाले, नंबर बाकावर लिहिलाय साहेब, बाक जिथं तिथं नंबर. तीन वर्षं मी त्या टाकीशेजारीच लिहिलं. लिफ्ट झाली म्हणे आता. चावी ऑफिसात असते.

मिठाची_मिरची
मामांना दंडवत

आठवडी_बाजार
एस.टी.चा विषय निघालाच आहे तर, दिव्यांगांची ७५ टक्के सवलत निमआरामला पण आहे ना? आमच्या पुतण्याला कंडक्टर नाही म्हणाला

पायरी_मोजणारा
आहे. कार्ड दाखवा, यूडीआयडी (केंद्राचं दिव्यांग ओळखपत्र) असेल तर उत्तम. वाद घालू नका, डेपोत तक्रारवही मागा. वही मागितली की तिकीट बदलून मिळतं.

आठवडी_बाजार
धन्यवाद. वही मागायची हे डोक्यातच आलं नव्हतं

डाव्या_कानाने
मला ऐकू कमी येतं, डाव्या कानाला मशीन. ओठ वाचून लेक्चर करायचे. मॅडम फळ्याकडे तोंड करून बोलायला लागल्या की माझ्यापुरता तास संपला. शेजारी बसणारी मैत्रीण वहीत कार्बन घालून लिहायची, खालची निळी प्रत माझी. तीन वर्षांत तिने किती कार्बन पेपर संपवले देव जाणे. तिच्या घाईच्या खुणा मला अजून येतात, 'म्ह' म्हणजे म्हणजे, 'त्या' म्हणजे त्यामुळे.
बँकेत लागले. मग कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडाला मास्क. दोन वर्षं मी पुन्हा एफ.वाय.ला.

चिंचबोर
कार्बनची कल्पना किती साधी. मैत्रीण कुठे असते आता?

डाव्या_कानाने
वसईला. दिवाळीत फराळ पाठवते, डब्यावर चिठ्ठी: 'म्ह चकली मऊ झालीये'. बाकी वाक्य नाहीच.

ढगाळ_लीड्स
इकडे इंग्लंडात, लीड्सला, मास्टर्सला आलो तेव्हा वय २६. पहिला निबंध पाहून ट्यूटर म्हणाली, तुझी कधी डिस्लेक्सियाची (वाचन-लेखनातल्या अडचणीची) चाचणी झाली आहे का? मी म्हटलं, नाही, आमच्याकडे त्याला ढ म्हणतात. तिला कळलं नाही, मला समजावता आलं नाही. चाचणी झाली, निघाला. परीक्षेला २५ टक्के जादा वेळ, उत्तरपत्रिकेवर एक स्टिकर, स्पेलिंगचे मार्क कापू नका असं सांगणारा. मागायला दोन ईमेल लागले. दुसरा मी आभाराचा पाठवला होता.
इथे सगळं गोड आहे असंही नाही, सरकारी भत्ता परदेशी विद्यार्थ्यांना नसतो. पण त्या रात्री बाबांना फोन केला. बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, सातवीत तुला शुद्धलेखनावरून मारलं होतं, ती वही आईने ठेवलीये रे.

दोन_पोळ्या_जास्त
लीड्स, हे वाचून पोळी करपली

मिठाची_मिरची
ताई तुमचा पूर्ण स्वयंपाक आज या धाग्यावर सांडणार

निवृत्त_मास्तर
मूळ प्रश्न राहिलाच. त्या मुलीला रायटर मिळाली का?

चिंचबोर
मीच जाणार होते, कॉलेजात फोनही केला. मॅडम म्हणाल्या, तुमचं शिक्षण? म्हटलं बी.कॉम. म्हणाल्या, मग नाही चालणार, तुम्ही वरच्या पायरीवर. पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा कुणी मला जास्त शिकलेली म्हणालं. भाची एफ.वाय.ला आहे, ती जातेय. तिचं ओळखपत्र, फोटो, मार्कशीटची झेरॉक्स आजच नेऊन दिली, उद्याच्या उद्या सही होईल म्हणाल्या.

बोलता_कीबोर्ड
भाचीला सांगा, आज रात्री त्या मुलीला फोन करून एक पान नुसतं बोलून-लिहून बघा म्हणावं. वेगाचा अंदाज येतो. प्रश्नपत्रिका आधी सगळी वाचून दाखवायची, मार्कांसकट. आणि पाण्याच्या बाटल्या दोन न्यायच्या. चार तास बोलून घसा तिचा सुकणार आहे.

चिंचबोर
आत्ताच फोन लावून दिलाय. आत दोघी खिदळतायत.