बारावीला सहा एपी घ्यायचेच कशाला?

बे_एरियावाला
एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे अमेरिकेतल्या शाळांत घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, शेवटी त्यांची परीक्षा. कालच्या धाग्यात एकांनी ठामपणे लिहिलं: "सीनियर इयरला (बारावीला) मिळतील तेवढे एपी घ्या. सहा घेतले की कॉलेजचं एक वर्ष वाचतं आणि ॲडमिशनलाही वजन पडतं." शाळांतून कोर्स निवडायचे फॉर्म आलेत, आणि हा सल्ला वाचून मुलं भरडली जातील. म्हणून जरा लांबण लावतो.

बारावीच्या एपी परीक्षेचे स्कोअर ॲडमिशनच्या वेळी कुणाला दिसतच नाहीत. परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत, निकाल जुलैत, आणि बहुतेक कॉलेजांना होकार 1 मेपर्यंत कळवायचा असतो. त्यांना दिसते ती कोर्सची यादी आणि मिड-इयर रिपोर्टमधल्या (शाळा कॉलेजांना वर्षाच्या मध्यात पाठवते तो) पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड. यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, तर दहावी-अकरावीच्याच ग्रेडवर काढतात. ऑनर्सचा (एपीसारख्या अवघड कोर्सचा) वाढीव पॉइंट जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना, त्यातही दहावीची चारच धरतात. म्हणजे बारावीच्या सहाव्या एपीनं तो जीपीए तसूभरही हलत नाही.

उलट नुकसान कुठे होतं बघा. 1 नोव्हेंबरला अर्लीचे (लवकरच्या फेरीचे) अर्ज, कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाचा) 650 शब्दांचा निबंध, यूसीचे 350 शब्दांचे चार, शिवाय प्रत्येक कॉलेजचे वेगळे. याच आठवड्यांत सहा वर्गांच्या युनिट टेस्ट येतात. पहिल्या सेमिस्टरला दोन सी लागले, तर यादीतल्या सहा एपींचा उपयोग काय?

मेजरच्या (कॉलेजातल्या मुख्य विषयाच्या) दिशेचे दोन, एक इंग्रजी किंवा गव्हर्नमेंट, आणि चौथा आवडीचा असेल तर. बस्स.

टेक्सासकर
हे सगळं कॅलिफोर्नियापुरतं झालं. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांत पाचपैकी 3 स्कोअरला सहसा क्रेडिट (कॉलेजच्या कोर्सची सूट) द्यावं लागतं, तसा राज्याचा कायदा आहे. शिवाय पदवीसाठी अमेरिकन इतिहासाचे 6 आणि गव्हर्नमेंटचे 6 क्रेडिट कुठल्याही मेजरला सक्तीचे. परीक्षेची फी 2025 साली 99 डॉलर होती, आणि तीन क्रेडिटची ट्यूशन त्याच्या कितीतरी पट. घरात दोन मुलं कॉलेजला असतील तर हा हिशेब करायचाच नाही का? वर रँक (शाळेतल्या वर्गातला क्रमांक) आहेच. यूटी ऑस्टिनची (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासची) आपोआप ॲडमिशन वर्गातल्या वरच्या 6 टक्क्यांवरून 2026 च्या फॉलपासून 5 टक्क्यांवर आली. वेटेड (अवघड कोर्सना जादा पॉइंट देणाऱ्या) जीपीएशिवाय तिथे पोचणार कसं?

बे_एरियावाला
अहो, अर्जासोबत जातो तो अकरावीअखेरचा रँक. बारावीचे एपी त्यात येणार कुठून? आणि आपोआप ॲडमिशन मिळते ती विद्यापीठात. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग मिळेलच असं नाही.

टेक्सासकर
रँकचं मान्य. पैशाचं मान्य नाही.

गणितवेडा
दोघंही एपी मोजत बसलात. कुठला एपी कशानंतर घ्यायचा, हे कुणी बोलतच नाही.

अकरावीला कॅल्क एबी (कॅल्क्युलसचा पहिला एपी) झालं असेल तर बारावीचं बीसी (त्यापुढचा) बहुतांश उजळणी आहे. दहा युनिटांपैकी पहिली आठ दोन्हीकडे तीच. नवीन म्हणजे पॅरामेट्रिक-पोलर, सीरिज, आणि मधले इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, ऑयलर, लॉजिस्टिक. गणितात दम असेल तर कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एन्रोलमेंटनं (शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स घेऊन) कॅल्क 2 आणि मग मल्टिव्हेरिएबल घ्या. पण पुढच्या कॉलेजला ते क्रेडिट चालतं का, ते आधी विचारा.

फिजिक्स सी (कॅल्क्युलसवर आधारलेले फिजिक्सचे एपी: मेकॅनिक्स आणि ई अँड एम, म्हणजे वीज-चुंबकत्व) आणि कॅल्क एकाच वर्षी घेणारी मुलं अडतात ती क्रम उलटा पडल्यामुळे. मेकॅनिक्समध्ये हवेच्या विरोधाचं डिफरन्शियल इक्वेशन ऑक्टोबरच्या आसपास येतं, आणि व्हेरिएबल वेगळे करून इंटिग्रेट करणं कॅल्कच्या सातव्या युनिटात, म्हणजे बऱ्याच शाळांत हिवाळ्याच्या सुट्टीनंतर. ई अँड एममध्ये गाउसच्या नियमाशी तेच. उन्हाळ्यात तीन आठवडे देऊन पॉवर रूल, साधं इंटिग्रेशन आणि सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्स करून घेतलं की निम्मा त्रास जातो.

आणि इंजिनिअरिंगचं "एक वर्ष वाचतं" हे सोडून द्या. कॅल्क, डिफरन्शियल इक्वेशन्स, स्टॅटिक्स, डायनॅमिक्स, शेवटी सीनियर डिझाइन, अशी साखळी असते. तीस क्रेडिट हातात असले तरी प्रत्येक कडी आधीच्या कडीवर अडते. मोकळे होतात ते जनरल एज्युकेशनचे (मेजरबाहेरच्या सक्तीच्या विषयांचे) तास, वर्ष नव्हे.

शाळावाली_ताई
सगळे गणित-फिजिक्सवर भांडताय. प्रत्यक्षात फॉर्मवर पहिला बळी जातो भाषेचा. स्पॅनिश 3 झालं की मुलं ती सोडतात आणि जागा भरायला एपी सायकॉलॉजी घेतात. यूसीला दोन वर्षं पुरतात, तीन सुचवलेली आहेत. पण बरीच निवडक खाजगी कॉलेजं एकच भाषा चार वर्षं शिकावी असं सुचवतात. माझ्या मते सहाव्या एपीपेक्षा स्पॅनिश 4 जास्त मोलाचं.

आणि घरात मराठी असून तिचा उपयोग कुणी करत नाही! एपीत मराठी नाही, हिंदीही नाही. पण स्टॅम्प ही भाषेची चाचणी मराठीत देता येते, आणि बायलिटरसी सीलसाठी (दोन भाषा येतात याची शाळेची पावती) अनेक शाळा-डिस्ट्रिक्ट ती धरतात.

गणितवेडा
इथे मराठी शाळेचा प्रचार नको. प्रश्न एपीचा आहे.

शाळावाली_ताई
प्रचार? बारावीच्या वेळापत्रकातला एक तास कशाला द्यायचा, हाच प्रश्न आहे ना? मग भाषेचं नाव काढलं की प्रचार कसा होतो? मुलांची स्वतःची भाषा तुम्हाला विषयच वाटत नाही, हे खरं दुखणं आहे.

टेक्सासकर
पण घरी मराठी बोलणाऱ्याला सील सहज मिळतं ना? मग त्याला किंमत काय?

शाळावाली_ताई
सहज मिळत नाही. मराठीत फक्त लिहिण्याची आणि बोलण्याची चाचणी असते, आणि बहुतेक ठिकाणी दोन्हींत इंटरमीजिएट मिड किंवा हाय (मधल्या पातळीचा मधला किंवा वरचा टप्पा) लागतं. "हो, आवडतं" अशा एका वाक्याच्या उत्तरावर ती पातळी मिळत नाही. कारण सांगत, वाक्यं जोडत बोलावं लागतं. लिहिण्यात तर फाडफाड बोलणारी मुलंही अडकतात, कारण देवनागरी कीबोर्डला हात लागलेला नसतो. दोन महिने रोज दहा ओळी टाइप करायला लावा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत शिकलेल्यांचं वाचन पक्कं असतं, टायपिंगचा सराव वेगळा करावा लागतो. आणि रजिस्ट्रारला (शाळेत नोंदी ठेवणाऱ्याला) अकरावीतच लेखी विचारा: फक्त सील मिळेल, की ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) क्रेडिटही? डिस्ट्रिक्टगणिक नियम बदलतो.

गणितवेडा
टायपिंगचा मुद्दा उपयोगाचा आहे. प्रचार म्हणालो ते मागे घेतो. तरी इंजिनिअरिंगला जाणाऱ्यानं स्पॅनिशसाठी फिजिक्स सी सोडू नये, हे माझं मत कायम.

शाळावाली_ताई
फिजिक्स सोडा असं मी कुठे म्हटलं? सायकॉलॉजी सोडा म्हटलं.

बे_एरियावाला
टेक्सासकरांच्या पैशाच्या मुद्द्यावर एवढंच. परीक्षेची ऑर्डर (नोंदणी) नोव्हेंबरच्या मध्यात द्यावी लागते, तेव्हा कॉलेज ठरलेलं नसतं. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही, सरकारी कॉलेजं भरपूर देतात. सगळ्या ऑर्डर करा, एप्रिलमध्ये ठरलेल्या कॉलेजचा क्रेडिट तक्ता उघडा, आणि जिथे काही मिळत नाही ती परीक्षा रद्द करा. रद्द केल्याचे 40 डॉलर जातात, बाकीचे शाळा परत देते का ते आधीच विचारा. आणि अर्ज गेल्यावर कोर्स ड्रॉप केला तर यूसीला कळवायलाच लागतं. काउन्सेलर कळवतील असं धरून बसू नका.

टेक्सासकर
हे पटलं. तरी आमच्याकडे गव्हर्नमेंट आणि इतिहास हे दोन एपी मी कुणालाच सोडायला सांगणार नाही.