अडीच किलो आणि कार्डावरची रेघ

ताई, लेकीच्या जन्माच्या वजनावरून ‘आमच्या वेळी बाळं साडेतीन किलोची व्हायची’ हे तुमच्या सासूबाईंचं म्हणणं मनावर घेऊ नका. १९९०च्या दशकात पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत बाळं मोजली, तेव्हा सरासरी २.७ किलोच्या आसपास होती. इंग्लंडात साउदॅम्प्टनला ३.५. गंमत म्हणजे आपली बाळं हाडापेराने बारीक, पण अंगावरची चरबी त्यामानाने टिकून. त्यामुळे नुसता वाढता आकडा बघून खूश होण्यात अर्थ नाही. आईला गरोदरपणात मधुमेह असला, तर त्यानेही बाळ वजनदार होतं.

तुमची लेक पूर्ण दिवसांची आणि २.६ किलोची, म्हणजे अडीचच्या वर; त्याखाली असेल तरच जन्माचं वजन कमी धरतात. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, दोनेक आठवड्यांत भरून येतं. लसीकरणाच्या वेळी ठाण्यात मिळालेलं माता-बाल कार्ड उघडा, त्यात मुलींचा आलेख गुलाबी आहे. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांवर बेतलेला. त्यासाठी मोजलेल्यांत दक्षिण दिल्लीतलीही बाळं होती. एका ठिपक्यावरून काही ठरत नाही, पुढचे ठिपके रेघेला धरून चाललेत ना ते पाहा. आणि वजनकाटा एकच ठेवा! एकदा घोडबंदरचा दवाखाना, एकदा मेडिकलवाला, असं नको.