हुरडा माणशी दर लावून विकावा का?

सीनाकाठ (चर्चेचा प्रस्ताव)

पौष लागला की सोलापूर, अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव या पट्ट्यातली रब्बी ज्वारी हुरड्यात येऊ लागते आणि त्याच सुमारास शहरांतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर ‘हुरडा पार्टी’चे फलक उभे राहतात. माणशी ठरलेली रक्कम भरायची, सकाळी पोहे-चहा, मग हुरडा, दुपारी पिठलं-भाकरी आणि वांग्याचं भरीत, बैलगाडीची फेरी, संध्याकाळी भजी, आणि दिवेलागणीला परत, असा तो दिवस असतो. हिवाळ्यातली आपल्या भागातली याहून चांगली सहल मला सुचत नाही, हे आधीच सांगतो. तरीही हुरडा अशा एकगठ्ठा दराने विकला जाऊ नये असे माझे मत आहे आणि त्याची कारणे मांडण्यासाठी ही चर्चा सुरू करतो आहे.

पहिले कारण हुरड्याच्या स्वभावातच आहे. ज्वारीचा दाणा दुधाळ अवस्था ओलांडून चिकात येतो आणि टणक होऊ लागतो, त्या मधल्या जेमतेम आठ-दहा दिवसांत त्या वावरातला हुरडा खाण्याजोगा असतो. दाण्यातली साखर पुढे पिठूळ होत जाते, म्हणून उशीर झालेला हुरडा चवीला सपक आणि दाताला चिवट लागतो. कणीस मोडल्यावरही त्याची गोडी टिकून राहत नाही, त्यामुळे सकाळी मोडलेले कणीस त्याच दिवशी आगटीत, म्हणजे भाजण्यासाठी विस्तव केलेल्या खड्ड्यात, गेले पाहिजे. आता तीस-चाळीस माणसांची नोंदणी आठवडाभर आधी झालेली असेल आणि त्या दिवशी स्वतःच्या रानातली ज्वारी त्या टप्प्यावर नसेल, तर केंद्रचालक काय करणार? तो दुसऱ्या तालुक्यातून पोत्याने कणसे आणतो, किंवा गोठवलेला सोललेला हुरडा कढईत परतून वाढतो. पाहुण्याला दोन्हींतला फरक कळतोच असे नाही, आणि नोंदणीच्या पत्रकातही त्याचा उल्लेख नसतो.

दुसरे कारण असे की या एकगठ्ठा दरात हुरडा हा दिवसभराच्या खाण्यातला एक पदार्थ होऊन बसला आहे. मुठी-दोन मुठी हुरडा खाल्ला की लोक झोक्याकडे किंवा नाचगाण्याच्या मंडपाकडे वळतात. खरे तर हुरड्याला सावकाशी लागते. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव पाडायचा, आरात कणसे खुपसायची, फिरवत राहायची, बोंडाचा हिरवा रंग करपट होऊन खमंग वास सुटला की बाहेर काढायची, आणि हात पोळत असतानाच पोत्यावर चोळून, तूस फुंकून, ते वाफाळते दाणे समोरच्याच्या हातावर ठेवायचे. कणीस निवले की दाणा नीट सुटत नाही. भाजणारा, चोळणारा आणि खाणारा एकाच आगटीभोवती बसलेले असतील तरच हे जमते, आणि म्हणूनच शेतकऱ्याने बोलवावे, आपण जावे, जाताना त्याच्या घरी काही न्यावे, ही आपली जुनी रीत मला हुरड्याला साजेशी वाटते.

गुळभेंडी

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात घरच्या शेतावर हुरड्याचे केंद्र चालवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या चुलीपर्यंत येणारा आहे. सीनाकाठ, तुम्ही वर्णन केलेली आगटी मला पूर्ण मान्य आहे, परंतु तुमच्या त्या वर्णनात एक माणूस दिसत नाही. गोवऱ्या कोणी थापल्या, तीळ आणि शेंगदाण्याची चटणी कोणी कुटली, चाळीस माणसांना पुरेल एवढे ताक कोणी घुसळले? निमंत्रणाच्या हुरड्याचे दिवस आमच्या सासूबाईंनी पुरेपूर अनुभवले आहेत. रविवारी शहरातून मंडळी येत, त्यांच्याबरोबर त्यांचे स्नेही येत, पोटभर खाऊन निघताना प्रत्येकाच्या पिशवीत हुरड्याचा, हरभऱ्याचा, बोरांचा वानोळा जाई, आणि मागे राहिलेली भांडी आणि दमलेली माणसे घरच्या बायकांच्या वाट्याला येत. त्या आदरातिथ्यात प्रेम होते हे मी नाकारत नाही. मात्र त्याला किंमत नव्हती असे म्हणू नका, कारण ती किंमत एकाच बाजूने भरली जात होती.

आज त्याच कामाचे पैसे माझ्या आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या गावातल्या बायकांच्या हातात पडतात. शेतीच्या हिशेबातही हे पीक आम्हाला परवडते. ज्वारी दाण्यासाठी राखायची म्हटली की पाखरे राखा, मग मजूर लावून ताटे मुळासकट उपटा, पेंढ्या बांधा, कणसे मोडा, मळणी करा, एवढे होऊन बाजारात जो भाव असेल तो घ्या. उपटणीला मजूर मिळत नाहीत या एकाच कारणाने आमच्या शिवारात कितीतरी लोकांनी ज्वारी सोडून कांदा आणि ऊस धरला. हुरड्यासाठी कणीस आधीच मोडले जाते, खालचे हिरवे ताट जनावरांना जाते आणि रान लवकर मोकळे होते. आम्ही गुळभेंडी या हुरड्याच्या वाणाच्या जोडीला (माझे इथले टोपणनाव त्याचेच) राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले मधुर हे वाण पेरतो, तेही एकदम न पेरता आठवड्याच्या अंतराने तुकड्या-तुकड्यांत पेरतो, म्हणजे पुढे एकामागून एक तुकडा हुरड्यात येत राहतो. तुम्ही विचारलेल्या नोंदणीच्या प्रश्नाचे उत्तर पेरणीतच असते. ज्याने ते केले नाही त्याला बाहेरून कणसे आणावी लागतात हे खरे, पण त्याच्या ढिलाईसाठी दर लावण्याची पद्धतच वाईट ठरवू नका.

रानवाटा

गुळभेंडी यांच्या श्रमाच्या मुद्द्यापुढे माझा आक्षेप नाही. परंतु पार्ट्यांमुळे ज्वारी टिकते हा जो निष्कर्ष त्यातून काढला जातो, तो मला पटत नाही.

आपल्याकडची कोरडवाहू रब्बी ज्वारी ही मुळात भाकरीसाठी आणि कडब्यासाठी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या रानात पेरायची, आणि जमिनीत साठलेल्या ओलीवर तिने माघ-फाल्गुनापर्यंत उभे राहायचे, हे तिचे बळ आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ ही जात याच कारणाने इतकी वर्षे टिकून आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेही हुरड्यासाठी मिळालेले नाही. हुरड्यासाठी वाढवलेले सुरती, गुळभेंडी, कुचकुची हे वाण वेगळे. त्यांचा दाणा गोड असतो, बोंडातून सहज सुटतो, म्हणून ते चोळायला सोपे. पण केंद्राच्या दारात अर्धा एकर सुरती उभी राहिली म्हणजे तालुक्यातली दुष्काळी ज्वारी वाचली असे होत नाही. हिरवी ताटे लवकर कापली गेली तर उन्हाळ्यात जनावरांपुढे टाकायला कडबा कुठून येणार, हा प्रश्न तर राहतोच.

२०२० साली राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आणले, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय झाली, आणि त्याचा फायदा अनेक प्रामाणिक शेतकऱ्यांना झाला आहे. असे असले तरी शेत कुठे संपते आणि हॉटेल कुठे सुरू होते, ही सीमा पाहुण्यानेच ओळखायची असेल तर सीनाकाठ यांची धास्ती अनाठायी नाही.

काळी माती

या चर्चेत ‘जुनी रीत’ हा शब्दप्रयोग फार सहज वापरला जातो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

निमंत्रणाचा हुरडा कोणाला होता? ज्याच्या ओळखीत जमीन होती त्याला. आमच्या घरी जमीन नव्हती. माझे वडील दुसऱ्याच्या वावरात माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकीत असत, पहाटेच्या थंडीत सुरुवात करून दिवस कलेपर्यंत. त्या वावरातला हुरडा त्यांनी खाल्ला नाही असे नाही, मालक कणसे देत असे, पण ती बाजूला बसून खायची होती. तालुक्याचे अधिकारी, शाळेचे हेडमास्तर, मालकाचे सोयरे आगटीभोवती बसत, आणि राखणदार आगटीत कणसे घाली. हे सगळीकडे असेच होते असा माझा दावा नाही. मात्र रानात कोणी कुठे बसायचे हे पुष्कळ ठिकाणी आधीच ठरलेले होते, आणि ते ठरवणाऱ्या गोष्टींत जात होती, हे ज्यांनी ती रीत आतून पाहिली त्यांना सांगावे लागणार नाही.

मी आज माझ्या मुलांना घेऊन केंद्रावर जातो, पैसे भरतो आणि आगटीला गुडघा लावून बसतो. तिथे मला कोणी आडनाव विचारून जागा दाखवत नाही. या एका कारणासाठी मला दर लावलेला हुरडा निमंत्रणाच्या हुरड्यापेक्षा मोलाचा वाटतो, आणि दराला नावे ठेवण्याआधी या बाजूचाही विचार व्हावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सीनाकाठ

काळी माती, तुम्ही लिहिलेले मी दोनदा वाचले. आगटीभोवती सगळ्यांना सारखी जागा असली पाहिजे, याला माझ्याकडे दुसरे उत्तर नाही आणि नसावेही. मात्र ती जागा देण्यासाठी तिकीटच लागते असे मी मानत नाही. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर आणि धाराशिवकडे वेळा अमावस्या होते. त्या दिवशी गावे ओस पडतात, सगळी माणसे रानात असतात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा होते आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून भज्जी, उंडे आणि आंबील दिली जाते. शेतातला पाहुणचार ओळखीपलीकडे जाऊ शकतो, तोही पैशांवाचून, हे यातून दिसते.

गुळभेंडी यांच्या श्रमांचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. माझा विरोध एकगठ्ठा दराला आहे, कारण त्या दरात हुरड्याचा आणि त्यामागच्या शेतीचा वाटा किती हे कोणालाच दिसत नाही.

कोप

मी लातूरचा आहे. वेळा अमावस्येचा दाखला इथे देऊ नये असे मला वाटते. तो आमचा सण आहे, वर्षातून एकदा येतो, त्याची तयारी घरोघरी आदल्या रात्रीपासून चालते, आणि ती तयारीही बायकाच करतात. शिवाय एका दिवसाचे औदार्य आणि दोन महिने रोज येणारे चाळीस पाहुणे यांची तुलना होत नाही. राहिली गोष्ट कोपीत कोण कोणाबरोबर बसते याची. तिथेही काळी माती यांनी सांगितलेले पूर्ण संपले आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

शहरवासी

माझे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे आमचे गाव आमच्या दोन पिढ्या आधीच सुटले. मला बोलावणारे शेत कुठेही नाही. माझ्यासारख्याला हुरडा खायचा तर पैसे देऊनच खावा लागेल, आणि ते देण्यात मला कमीपणा वाटत नाही. माझी तक्रार ध्वनिवर्धकाची आहे. गेल्या हिवाळ्यात एका केंद्रावर, त्याचे नाव घेत नाही, सकाळपासून इतक्या मोठ्या आवाजात गाणी लावलेली होती की शेजारी बसलेल्या काकूंनी ‘हुरड्यावर पाणी पिऊ नका, ताक घ्या’ असे सांगितले तेही मला तिसऱ्यांदा ऐकू आले. रानातली शांतता हा त्या सहलीचा निम्मा आनंद असतो, आणि तो राखायला चालकाला पैसा लागत नाही.

सीनाकाठ यांना एक विचारायचे आहे. शेतकऱ्याने दर फोडून सांगितला, म्हणजे हुरड्याचे इतके, जेवणाचे इतके, तर तुमचा विरोध राहील का?

सीनाकाठ

दर फोडून सांगितला, ज्वारी कोणत्या रानातली आहे आणि कणीस कधी मोडले हे सांगितले, आणि त्या दिवशी हुरडा नसेल तर पाहुण्याला तसे आधी कळवले, तर माझा विरोध राहणार नाही. पण ‘आज हुरडा नाही, पुढच्या आठवड्यात या’ असे नोंदणी झालेल्या गिऱ्हाइकाला सांगणारा केंद्रचालक मला अजून भेटलेला नाही.

गुळभेंडी

तसे आम्ही सांगतो. ढगाळ हवेत दाणा भरायला वेळ लागतो आणि ऊन चढले की तोच दाणा दोन दिवसांत पुढे निघून जातो, म्हणून नोंदणी घेतानाच तारीख दोन-चार दिवस मागेपुढे होईल असे आम्ही कळवून ठेवतो. काही लोक नाराज होतात आणि दुसरीकडे जातात. त्यांना गोठवलेला हुरडा बाराही महिने मिळतो, त्यांच्याशी माझे भांडण नाही, पण माझ्या आगटीवर तो येणार नाही.

दर फोडून लिहिण्याची सूचना मला पटली. त्यात मी आणखी एक ओळ घालणार आहे, राखणदाराच्या मजुरीची. पाखरे अजूनही गोफणीनेच हाकावी लागतात, आणि आमच्याकडे ते काम करणारे जोडपे दुपारी पाहुण्यांबरोबरच आगटीला बसते.

रानवाटा, कडब्याबद्दल तुम्ही जे लिहिले त्याचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही हुरड्याच्या तुकड्यांशेजारी दोन एकर मालदांडी दाण्यासाठी राखतो आणि ती हुरड्याच्या पैशांतूनच उपटून घेतो, कारण नुसत्या दाण्याच्या भावात उपटणीची मजुरी निघत नाही. प्रत्येक केंद्राला हे जमेल असे मी म्हणत नाही. पाहुण्याने मात्र पैसे भरण्याआधी एवढे जरूर विचारावे : हुरड्यापलीकडची ज्वारी तुमच्या रानात किती उभी आहे?