जुना पेट्रोल पंप कापून बुटका केला, तर त्याची किंमत उरते का?

पितळीनोझल:
अमेरिकेतील जुने पेट्रोल पंप, म्हणजे गाडीत पेट्रोल भरण्याची उभी यंत्रे, जमवणाऱ्यांत फेरफार केलेल्या यंत्राच्या किमतीवरून नेहमी दोन तट पडतात, म्हणून माझे मत आधीच मांडतो. जो बदल पूर्ववत करता येतो तो मी चालवून घेईन, पण पत्रा कापलेल्या पंपाला अखंड पंपाच्या निम्मीही किंमत देणार नाही. १९२० च्या दशकातले काचेच्या टाकीचे पंप पाहा. दांडा मारून जमिनीखालचे पेट्रोल माथ्यावरच्या काचेच्या नळकांड्यात चढवायचे, आतल्या गॅलनच्या खुणांवर ग्राहकाने ते डोळ्यांनी मोजून घ्यायचे आणि मग ते स्वतःच्या वजनाने गाडीत उतरायचे. म्हणजे उंची हाच त्या यंत्राचा गाभा आहे. असा पंप छताखाली मावत नाही म्हणून मधून कापून वेल्ड केला, तर उरते ती केवळ शोभेची वस्तू.

यंत्रवेडा:
उंचीचा मुद्दा मान्य आहे, पण आपला ‘अखंड’ पंप नेमका कोणत्या दिवशीचा, हे आपण सांगितलेले नाही. हे पंप राबण्यासाठी घडवले होते. पेट्रोल स्टेशनने तेल कंपनी बदलली की त्याच पंपावर नवा रंग चढे, जुनी एनॅमलची पाटी उतरे आणि नव्या पाटीसाठी पत्र्याला आणखी भोके पडत. १९७९ च्या तेलटंचाईत पेट्रोल गॅलनला एक डॉलरच्या वर जाऊ लागले, तेव्हा कित्येक जुन्या यांत्रिक पंपांची दर दाखवणारी आकड्यांची चक्रे ९९.९ सेंटच्या पुढे सरकतच नव्हती. मग अनेक ठिकाणी पंपावर निम्मा दर लावला गेला आणि दिसणाऱ्या रकमेची दुप्पट द्यावी, अशी सूचना लावण्यात आली. ती सूचना चिकटलेला पंप हाती लागला, तर आपण ती फेरफार म्हणून खरवडून काढणार का? मी तर त्या पंपाला जास्त पैसे मोजेन.

पितळीनोझल:
ती सूचना मीही जपेन, कारण तो बदल पंप कामावर असताना, कामासाठी झाला. माझा आक्षेप आहे तो पंप निवृत्त झाल्यानंतर, दिवाणखान्याच्या सोयीने केलेल्या बदलांना. १९३० च्या दशकात गॅलन आणि दर यांचा गुणाकार करून रक्कम दाखवणारी चक्रे पंपात आली, आणि तीच काढून टाकून आत फळ्या ठोकून कपाट केलेले पंप आज सर्रास विकायला येतात. मीटरची जुळणी जिथे होते तिथे तार ओवून शिशाचे सील मारलेले असे, म्हणजे माप कोणी गुपचूप बदलू नये. ते सील शाबूत असलेले मीटर भंगारात गेले की त्या यंत्राच्या खरेपणाचा पुरावाच गेला. वजन कमी करायचे असेल तर आतले भाग जरूर काढावेत, पण खोक्यात भरून पंपासोबतच ठेवावेत.

रंगपारखी:
पूर्ववत करता येणाऱ्या बदलांत आपण रंगही धरत असाल, तर ते मला अजिबात पटत नाही. सँडब्लास्टिंगने, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, मूळ रंग एकदा उडवला की तो कोणत्याही पैशाने परत येत नाही. फिकट का होईना, पण कारखान्यातला रंग टिकलेल्या पंपाला जाणकार वेगळी किंमत देतात ती याचसाठी. उलट, नुसता गंजच उरलेला एखादा सर्वसाधारण चौकोनी पंप नीट रंगवला तर त्याची किंमत वाढते, आणि त्यात गैर काहीच नाही. ग्लोबकडेही, म्हणजे पंपाच्या माथ्यावरच्या कंपनीच्या नावाच्या दिव्याकडेही, लक्ष द्यावे. दुर्मिळ कंपनीचा अस्सल काचेचा ग्लोब कित्येकदा खालच्या पंपापेक्षा महाग असतो. नवी प्रतिकृती बसवणे हा गुन्हा नव्हे, पण ती ‘पंपासोबत आलेली’ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे, आणि या छंदाचे खरे नुकसान कापाकापीपेक्षा त्यानेच जास्त झाले आहे, असे माझे ठाम मत आहे.

यंत्रवेडा:
रंगाबद्दल पूर्ण सहमत. पण कापण्याचा निकष मला अजूनही अपुरा वाटतो, कारण वर्षानुवर्षे ओल्या काँक्रीटवर उभ्या राहिलेल्या पंपाचा तळ बहुधा सडलेलाच असतो. सडलेला भाग कापून तेवढ्याच उंचीची नवी पट्टी जोडली नाही, तर गंज वर चढत दारांपर्यंत जातो. हेही कापणेच आहे. विकणाऱ्याने मूळ धातू किती उरला ते सांगावे आणि जोड रंगाखाली जाण्यापूर्वीचे फोटो द्यावेत, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते.

पितळीनोझल:
तसे फोटो मिळाले तर तळाच्या जोडासाठी मी एक पैसाही कापणार नाही. उंची घटवणाऱ्या जोडासाठी मात्र निम्म्याहून अधिक किंमत वजा करीन, मग त्याचेही फोटो दिलेले असोत.