लिव्हिंग विल: नोटरी झाली की काम झालं का? आणि नाव कोणाचं घालायचं?

प्राजक्ता_कोथरूड
आईचं (वय ७४, तब्येत उत्तम) लिव्हिंग विल करायचं आहे. बरं होण्याची आशा नसेल तर नळ्या लावून ठेवू नका, एवढं तिचं म्हणणं पक्कं आहे. एकांनी कुलमुखत्यारपत्र करा म्हणून सुचवलं. ते पुरतं का? मसुद्यात नेमकं काय लिहायचं? आणि आम्ही तिघं भावंडं: दादा न्यू जर्सीला, मी पुण्यात, धाकटा नाशिकला. तिला बोलता येईनासं झालं तर तिच्या वतीनं डॉक्टरांशी बोलणाऱ्याचं नाव त्यात लागतं, आणि कोणी रुसायला नको म्हणून आई तिघांचीही नावं घाल म्हणते. तसं करावं का?

वकील_सातारकर
प्राजक्ताताई, कुलमुखत्यारपत्र इथे कामाचं नाही. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, ते देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते संपतं, आणि तुम्हाला तर ते नेमकं तेव्हाच लागणार. मृत्युपत्रात ही इच्छा घालणंही व्यर्थ. ते उघडतं मृत्यूनंतर.

आधार आहे तो लिव्हिंग विलला मान्यता देणारा सुप्रीम कोर्टाचा ९ मार्च २०१८ चा ‘कॉमन कॉज’ निकाल आणि त्यात २४ जानेवारी २०२३ ला झालेले बदल. आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, म्हणून फारसं कोणी त्या वाटेला जात नसे. आता आईची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन एवढं पुरतं. साक्षीदार शक्यतो वारसांपैकी नकोत. स्टँप पेपरची अट निकालात नाही, पण नोटरीनं मागितला तर वाद घालू नका.

प्रती द्यायच्या त्या नावं घातलेल्या प्रत्येकाला, फॅमिली डॉक्टरांना आणि महापालिकेनं किंवा पंचायतीनं नेमलेल्या अभिरक्षक अधिकाऱ्याला (म्हणजे अशी पत्रं जपून ठेवणाऱ्याला). मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये मुळीच नको. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही.

आईचं मन बदललं तर कधीही बदल करता येतो, पण लेखी आणि याच पद्धतीनं. रद्द न केलेली दोन पत्रं सापडली तर शेवटी सही केलेलं धरतात.

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर
मसुद्याबद्दल आयसीयूच्या बाजूनं सांगतो. ‘मला यातना नकोत’, ‘कृत्रिम उपाय नकोत’ असं लिहिलेलं पत्र ऐन वेळी हातात टिकत नाही. मजकूर संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळानं त्यावर अंमल करू नये, असं निकालातच आहे. म्हणून उपचारांची नावं घ्या: व्हेंटिलेटर, सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते सुरू करायचा प्रयत्न), डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी इंजेक्शनं, नळीवाटे अन्न, ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासनळीत बसवलेली नळी).

मात्र सरसकट ‘व्हेंटिलेटर नको’ लिहू नका. बऱ्या होणाऱ्या न्यूमोनियात चार-पाच दिवसांचा व्हेंटिलेटर माणसाला घरी परत आणतो. अट घाला, साधारण अशी: ‘आजार असाध्य आहे व बरं होण्याची आशा नाही असं डॉक्टरांचं मत झालं आणि मला स्वतःला निर्णय सांगता येत नसेल, तर पुढील उपचार सुरू करू नयेत, सुरू केले असल्यास थांबवावेत.’ त्याखाली यादी. त्यानंतर एक वाक्य हवंच: ‘वेदनाशमन, गरज पडल्यास मॉर्फिन, धाप कमी करणारे उपाय, तोंडाची व त्वचेची निगा शेवटपर्यंत चालू ठेवावी.’ हे नसलं की काही ठिकाणी ‘काहीच करू नका’ असा अर्थ लावला जातो, आणि हाल होतात ते पेशंटचे.

कागद दाखवला की लगेच व्हेंटिलेटर निघतो, असंही नाही. आधी डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत लागतं. पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येकानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, मग हॉस्पिटलनं न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं आणि नंतर अंमल. दुसऱ्या मंडळानं नकार दिला तर हायकोर्टात जाता येतं.

लहान हॉस्पिटलात ही मंडळं बसवायची तयारी नसते. मग नातेवाईक ‘डामा’वर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेतल्याच्या कागदावर) सही करून पेशंटला घरी नेतात; तिथं ना मॉर्फिन ना नर्स. घराजवळच्या दोन हॉस्पिटलांत ही सोय आहे का, ते आजच विचारून ठेवा.

समाजसेविका_पॅलिएटिव्ह
२०२३ पासून एकापेक्षा जास्त नावं चालतात, तेव्हा आईंची इच्छा राखता येईल. पण ‘तिघांनी मिळून ठरवावं’ असं लिहू नका. मंडळ नाव असलेल्यांची संमती घेतं. एक जण अडला की सगळंच अडतं. क्रम लावा: आधी तुम्ही, तुमच्याशी संपर्क होत नसेल तर नाशिकचा भाऊ, त्यानंतर दादा. प्रत्येकाचा फोन नंबर त्यातच.

वयाचा मान इथे बाजूला ठेवावा लागतो. जी व्यक्ती तासा-दोन तासांत हॉस्पिटलात पोचेल, डॉक्टरांना ‘यानं नक्की काय फरक पडेल?’ असं विचारू शकेल आणि स्वतःला काय वाटतं ते बाजूला ठेवून आईंना काय हवं होतं तेच सांगेल, तिचं नाव पहिलं. खटका बहुधा दूर राहणाऱ्या अपत्याशी उडतो. रोजची उतरण त्याच्या नजरेसमोर नसते, त्यामुळे ते आल्या आल्या ‘सगळं करा’ म्हणतं. यासाठी दादांना आईंनीच व्हिडिओ कॉलवर सांगू दे, तुम्ही नको.

सही करण्याआधी त्यांच्याशी निवांत बसून विचारा: माणसं ओळखू येईनाशी झाली तर? गिळता येईना तर? शेवट घरी हवा की हॉस्पिटलात? उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा.

प्राजक्ता_कोथरूड
फार मदत झाली. अभिरक्षक अधिकारी शोधायचा कुठे? आणि आईला देहदान, नेत्रदानही करायचंय. ते यातच लिहू का?

वकील_सातारकर
महापालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करा. मुंबईत हे काम वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी ३१ मे २०२४ रोजी स्वतःचं पत्र नोंदवून सुरुवात करून दिली. काउंटरवर ‘असं काही नसतं’ म्हणाले तर अर्ज जोडून प्रत आवकला द्या आणि शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.

देहदान, नेत्रदानाचे फॉर्म वेगळे भरा.

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर
एक भर. मेंदूमृत्यूनंतर अवयवदानाचीही इच्छा असेल तर अवयव काढेपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवावा लागतो. ‘अवयवदानापुरता व्हेंटिलेटर चालू ठेवण्यास माझी हरकत नाही’ ही ओळ पत्रात घाला. नाहीतर आईंच्याच दोन इच्छा एकमेकींना आडव्या येतील.