ऑपरेशननंतर रक्त पातळ करायची सुई : गरज हाय का बिल वाढवायचा धंदा?

कापूसवाला_देवळी
घरात वाद पेटला म्हणून इथं टाकतो. मोठ्या आईचा खुबा मोडला, ऑपरेशन योजनेत झालं, पैसा लागला नाही. पण सुट्टीच्या वेळी पोटावर टोचायच्या सुया लिहून दिल्या, रोज एक, ४० एमजीची, अन मंग पुढं गोळी, असं महिनाभर. काका म्हणते टाके सुकले आता कायच्या सुया, मेडिकलवाल्याचं सेटिंग हाय. माझं मत उलटं हाय, मी तर म्हणतो मोठं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकालेच ही सुई द्या. पायाच्या शिरेत गुठळी धरते, ते सुटून फुफ्फुसात जाऊन अडकते अन चांगला बोलता माणूस खलास. गाव म्हणते अटॅक आला. कोण पाहाले जाते?

ठेचाभाकर
प्रत्येकाले कायले बाप्पा? माझं हर्नियाचं झालं, संध्याकाळी उठवून चालवलं, दुसऱ्या दिवशी घरी, एक सुई नाही. चालता माणूस हाय तं रक्त कायले गोठते? हे शहरातल्या बसून खाणाऱ्या लोकाईचं दुखणं हाय. आपल्या आज्या काय सुया घेत होत्या?

वॉर्डातली_सिस्टर
आज्या सुया घेत नव्हत्या दादा, आज्या मरत होत्या. खुबा मोडला की बाजेवर पडायच्या, दोन-तीन महिन्यात जायच्या, आणि सगळे म्हणायचे म्हातारपणानं गेली. त्यातल्या किती गुठळीनं गेल्या कोणी मोजलं नाही.

आणि शहर-खेडं काही नसतं हो. पडून राहिलं की पायातलं रक्त साचतं, हाड-शीर दुखावली की रक्त गोठायला लागतं, शरीर तर ऑपरेशननंतर रक्त थांबवायच्याच मागे असतं. फिरखो नावाच्या जर्मन डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकातच हे ओळखलं होतं. खुब्याच्या ऑपरेशनला तर धोका ३५ दिवसांपर्यंत धरतात, म्हणून सुया घरीही चालू. तुमचा हर्निया वेगळा, लहान काम, त्याच दिवशी पायावर, तिथं चालणंच औषध. पण आपल्याकडं गडचिरोली-चंद्रपूरकडं सिकलसेलवाले (हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) किती आहेत, त्यांचं रक्त मुळातच गोठायला टपलेलं, त्यांना हर्नियावालाच नियम लावू नका.

मला जास्त राग येतो तो सिझरवाल्या बायांचा. सव्वा महिना बाजेवरून उतरू देत नाहीत, पाणी मोजून देतात, टाके उसवतील म्हणून संडासलाही धरून नेतात. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीला सगळ्यात वाईट, आणि आपण नेमकं तेव्हाच निजवून ठेवतो! वर पाय सुजला तर सासू तेल लावून चोळून देते. सुजलेला पाय चोळायचा नसतो, गुठळी असली तर सुटून वर जाते.

मेडिकलवाला_आर्णी
सेटिंगचा आरोप माझ्यावर आलाच हाय तं बोलतोच. सुई मीच विकतो, तरी म्हणतो सगळ्यांना सुई हे काही पटत नाही. किडनी कमजोर असली तर डोस बदलावा लागते, कोणाला रक्तस्राव होते, अन एकेक सुई काही शे रुपयाची. २०२३ मध्ये अमेरिका-कॅनडाचा मोठा अभ्यास आला, १२ हजारावर हाड मोडलेले लोक, अर्ध्यांना ही सुई, अर्ध्यांना साधी ॲस्पिरिन. ९० दिवसात मरणारे दोन्हीकडं जवळपास सारखेच, एक टक्क्याच्या आत. ॲस्पिरिन किती स्वस्त पडते, मजुराच्या घरी हा हिशोब कोण करून देते?

कापूसवाला_देवळी
अर्धंच सांगितलं भाऊ तुम्ही. त्याच अभ्यासात पायातल्या गुठळ्या ॲस्पिरिनवाल्यांत जास्त निघाल्या, अडीच टक्के, सुईवाल्यांत पावणेदोनच्या आसपास. अन लोक होते सरासरी पंचेचाळिशीतले. आमची मोठी आई पंच्याहत्तरीची, चालता येत नाही. तिचा हिशोब तरण्या पोरावरून कसा लावता?

मेडिकलवाला_आर्णी
मोठ्या आईले द्याच ना, मी कुठं नाही म्हणलो. अन मनानं ॲस्पिरिनवर आणा असंही नाही, डॉक्टरले विचारून. "प्रत्येकालेच" म्हणता तिथं माझं भांडण हाय.

ठेचाभाकर
माझंही. खुब्याले सुई मान्य. पण मले हे सांगा, सुट्टीचा कागद सगळा इंग्रजीत, सुई कायले हाय हे कोणी सांगतच नाही, मंग माणूस सेटिंग नाही म्हणन तं काय म्हणन? काकाचं काय चुकलं?

वॉर्डातली_सिस्टर
हे मात्र खरं आहे. वॉर्डात साठ पेशंट अन आम्ही दोघी, सांगायचं राहून जातं. इथंच लिहून ठेवते : एकच पाय सुजला, पोटरी दुखते, हात लावला तर गरम लागते, तर त्याच दिवशी दवाखाना. अचानक दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यात रक्त आलं तर १०८ लावा, सकाळची एसटी पाहू नका. पडल्या पडल्या पायाचे पंजे वर-खाली करायला लावा, तासातासानं, त्याला पैसे लागत नाहीत. आणि सुया मधेच बंद करू नका, काकांना म्हणावं डॉक्टरशी भांडा पण सुई थांबवून नाही.

कापूसवाला_देवळी
काका वाचून राहिले. म्हणते सुई कोण टोचन, मले रक्त पाहून घेरी येते. म्हणजे भांडण सेटिंगचं नव्हतंच!

ठेचाभाकर
आशाताईले विचारा, नाही तं सिस्टरकडून एकदा शिकून घ्या. पण प्रत्येकाले सुई, हे मी अजूनही मानत नाही.